बोअरमधून लाल पाणी येतंय, अजून खोल जावं का?

राजेंद्रनगरची_सून
नमस्कार. आम्ही इंदूरला राजेंद्रनगरात राहतो. मार्चमध्ये बोअर घेतला. वर दहाएक फूट काळी माती, मग ४० पर्यंत मुरूम. तिथवर केसिंग (भोक ढासळू नये म्हणून आतला पाइप) टाकलं. पुढे नुसती काळी पूड. ११० फुटांवर एकदम विटकरी लगदा आला आणि १२० ला पांढऱ्या चमकदार खड्यांचा चुरा, त्याच्यासोबत पाणी. नंतर २४० पर्यंत पुन्हा काळी पूड, कोरडी. आता मे लागला तर मोटर अर्ध्या तासात हवा ओढते, आणि सुरू केली की आधी लाल पाणी येतं. बोरिंगवाला म्हणतो, "दीदी, पाँच सौ तक ले चलो, पानी पक्का." तो लाल थर कशाचा? खोल जाण्यात अर्थ आहे का? खड्यांची पुडी जपून ठेवलीय.

रामबागवाला
आमच्या गल्लीत एकांनी ४५० पर्यंत नेला. धूळ निघाली, पैसे गेले. पक्कं पाणी कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

काळा_पत्थर
ताई, खोलीप्रमाणे काय काय निघालं ते तुम्ही टिपून ठेवलंत, हे फार चांगलं केलंत. माळव्यातल्या विहिरी आणि बोअर तपासण्यात माझी नोकरी गेली, अशी नोंद क्वचितच कुणाकडे मिळायची.

तुमच्या घराखाली दख्खनचा बेसाल्ट आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो एका दमात आलेला नाही, थरावर थर साचत गेला. मधल्या काळात खालच्या थराचा माथा हवापाण्याने कुजून माती झाला, त्यातलं लोह गंजलं, आणि वरून नवा लाव्हा आला तेव्हा ती माती भाजून निघाली. तुमचा विटकरी लगदा तोच, भूवैज्ञानिक त्याला रेड बोल म्हणतात. त्याच्या लगेच खाली त्या जुन्या थराचा माथा लागतो. लाव्हा निवताना वायू बाहेर पडतो, म्हणून तिथे डोशाला पडते तशी जाळी असते. पुढे झिरपत्या पाण्याने ती भोकं खनिजांनी भरतात. पुडीतला खडा कुटून त्यावर व्हिनेगर टाका: फसफसलं तर कॅल्साइट. काचेवर सहज ओरखडा उठला तर क्वार्ट्झ. दोन्ही नाही झालं तर बहुधा झिओलाइट.

हा जाळीचा दगड लवकर झिजतो, तडकतो, आणि पाणी तिथेच खेळतं. त्याखालचा घट्ट काळा दगड सावकाश निवलेला, त्यात पाणी फक्त चिरांमधून. बागलीजवळचा कावडिया पहाड पाहिला असेल तर आठवा, ते दगडी खांब म्हणजे बेसाल्ट निवताना पडलेल्या चिरांनीच कापलेले आहेत. बोअर अशा चिरेत घुसला तर नशीब, नाहीतर पाचशे फुटांनाही कोरडा.

म्हणून नुसती खोली मोजून पाणी मिळत नाही, दोन लाव्हाथरांमधला पुढचा सांधा किती खाली आहे हे कळायला हवं. आसपास २४० च्या पुढे गेलेल्या बोअरमध्ये दुसरा लाल थर लागला का, विचारा. दोघा-तिघांकडे साधारण त्याच खोलीवर लागला असेल तर तिथून वीस-तीस फूट पुढपर्यंत जा. कुणाकडेच नसेल तर मी तरी एक फूटही वाढवणार नाही.

लाल पाण्याचं आधी बघा. ती माती भिजून फुगते, ढासळते, मोटर अडकते. केसिंग ४० वर थांबवणं चुकीचं झालं. तळापर्यंत पाइप सोडून घ्या: लाल थरासमोर सलग, १२० च्या आसपास चिरा पाडलेला.

राजेंद्रनगरची_सून
काका, खूप आभार! व्हिनेगर टाकलं, काही खडे फसफसले, काही नाही. समोरच्यांच्या बोअरला ३१० ला लाल लागला होता, बाकी दोन घरी विचारते. गच्चीचं पाणी बोअरमध्ये सोडलं तर चालेल का?

काळा_पत्थर
चालेल, पण आधी गाळून. हजार चौरस फूट गच्चीवर इंदूरच्या पावसात वर्षाला ८०-९० हजार लिटर पाणी पडतं, त्यातलं बरंचसं जिरवता येईल. पहिल्या पावसाचं पाणी वाहून जाऊ द्या, पुढचं गिट्टी-रेतीच्या टाकीतून आत घ्या. सांडपाण्याची लाइन जवळ असेल तर आधी ती तपासून घ्या. आणि पाइप बसल्याशिवाय हे करू नका, लाल माती आणखी ढासळेल.