मदत हवी आहे: पहिल्या महायुद्धात वारलेल्या पूर्वजाची मृत्युनोंद कशी पडताळावी? (रत्नागिरी जिल्हा, ११० वी मराठा)

नमस्कार.

आमचे मूळ घर संगमेश्वर तालुक्यातील आहे. माझ्या पणजोबांचे धाकटे बंधू पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीतून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेले आणि परत आले नाहीत, एवढेच घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. मृत्यूची तारीख ठाऊक नसल्यामुळे त्यांचे श्राद्ध आजवर सर्वपित्री अमावास्येलाच होत आले आहे. तारीख निश्चित झाली तर जुन्या पंचांगावरून तिथी काढता येईल, अशी घरातील वडीलधाऱ्यांची मनापासून इच्छा आहे.

घरात दोन वस्तू जपून ठेवलेल्या आहेत. पहिली म्हणजे युद्धात मेलेल्यांच्या नातेवाइकांना सरकारने पाठवलेली ब्राँझची गोल तबकडी. तिच्यावर केवळ नाव असते, हुद्दा किंवा पलटण नसते, त्यामुळे ओळख पटवण्यास तिचा फारसा उपयोग होत नाही. दुसरे म्हणजे चांदीचे युद्धपदक, आणि माझ्या मते खरा पुरावा तेच आहे. चांदीचे पदक लढाऊ शिपायांना आणि ब्राँझचे पदक बिगरलढाऊ मजुरांना दिले जात असे, म्हणून ते शिपाई होते हे नक्की. अशा पदकाच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. आमच्या पदकावर ११० हा पलटणीचा आकडा स्पष्ट वाचता येतो, परंतु शिपाई क्रमांकाचे शेवटचे दोन अंक पूर्ण झिजले आहेत.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या, म्हणजे महायुद्धांत वारलेल्या शिपायांच्या कबरी, स्मारके आणि नोंदी सांभाळणाऱ्या संस्थेच्या, संकेतस्थळावर शोध घेतला असता याच पलटणीत याच नावाचे दोन शिपाई सापडतात, आणि दोघांच्याही क्रमांकांचे सुरुवातीचे अंक आमच्या पदकाशी जुळतात. पहिल्या नोंदीत वडिलांचे नाव आमच्या वंशावळीप्रमाणेच आहे. मात्र गावाचे रोमन लिपीतील स्पेलिंग असे आहे की ते आमच्या गावाचेही असू शकते आणि राजापूर तालुक्यातील दुसऱ्या एका गावाचेही. दुसऱ्या नोंदीत वडिलांचे नाव नाही आणि गावही नाही. पहिल्याचा मृत्यू मेसोपोटेमियातील कुत-अल-अमारा येथे तुर्कांनी ब्रिटिश-हिंदी फौजेला घातलेल्या वेढ्यातील आहे, तर दुसऱ्याचा २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील फौजेने शरणागती पत्करल्यानंतरचा. ११० वी पलटण त्या वेढ्यात होती आणि शरण गेलेल्या हिंदी शिपायांपैकी बरेच जण तुर्कांच्या कैदेत, काही रास-अल-ऐन (आजच्या सीरियात) येथील रेल्वेच्या कामावर असताना, वारले. अशा कैद्यांच्या बाबतीत नोंदलेली तारीख कितपत विश्वसनीय मानावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

दोन्ही नोंदींत स्मारक म्हणून बसरा मेमोरियलचा, म्हणजे इराकमधील बसरा येथील युद्धस्मारकाचा, उल्लेख आहे. तेथील फलकाचे छायाचित्र मिळवावे असे एका परिचितांनी सुचवले होते, परंतु त्या फलकांवर साध्या हिंदी शिपायांची नावे कोरलेलीच नाहीत. पलटणीखाली फक्त त्यांची संख्या दिली आहे आणि नावे नोंदवह्यांतच राहिली. हे वाचून फार वाईट वाटले. शोधाच्या दृष्टीनेही तो मार्ग तेथेच संपतो.

या दोघांपैकी आमचे कोण हे ठरवण्यासाठी आता पदक आणि या नोंदींखेरीज तिसऱ्या कागदाची गरज आहे. १९२२ च्या पुनर्रचनेत ११० वी पलटण ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन झाली आणि रेजिमेंटचे केंद्र आज बेळगावला आहे. तेथे अर्ज करून १९२२ पूर्वीच्या शिपायाची माहिती कोणाला मिळाली आहे का? अर्जासोबत वंशावळ आणि पदकाची छायाचित्रे पुरतात, की नात्याचे प्रतिज्ञापत्रही मागतात?

गावच्या दप्तराबद्दलही विचारायचे आहे. कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये, परदेशी वारलेल्या शिपायाचा मृत्यू नोंदवत असत का? नोंदवत असल्यास तारीख प्रत्यक्ष मृत्यूची असे, की गावात खबर पोहोचल्याची? ते अविवाहित होते आणि त्यांच्या आईला पेन्शन मिळत असे, असे आजी सांगत असे. ती तालुक्याच्या तिजोरीतून मिळत असल्यास तिची नोंद कोणत्या दप्तरात शोधावी? जमीन खोताची आणि आमचे घर कूळ असल्यामुळे वारसाच्या फेरफारातून काही हाती लागेल अशी आशा मला कमी वाटते, तरी कोणाचा वेगळा अनुभव असल्यास अवश्य लिहावा. पंजाबातील सुमारे ३,२०,००० शिपायांच्या गाववार नोंदी लाहोरच्या संग्रहालयातून पुढे आल्या आहेत, पण त्या केवळ पंजाबच्या आहेत.

जाता जाता, आपल्या किनारपट्टीवरील ज्या कुटुंबांतील खलाशी त्या युद्धात समुद्रात बुडाले, त्यांनी मुंबईत मशीद बंदर येथील इंडियन सेलर्स होममधील स्मारकाच्या नोंदी जरूर पाहाव्यात. समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांची स्मृती तेथे जपली आहे.

त्यांचे नाव आणि पदकावरचे वाचता येणारे अंक जाहीरपणे लिहिणे मला योग्य वाटत नाही. ज्यांनी संगमेश्वर किंवा राजापूर भागातील मराठा शिपायांच्या नोंदी पाहिल्या आहेत, त्यांनी व्यक्तिगत निरोप पाठवल्यास दोन्ही नोंदींचा तपशील लगेच कळवीन.