नववीचा वर्ग गणिताच्या तासाला गप्प का बसतो?

प्रश्न : माध्यमिक शिक्षिका, सातारा जिल्हा

नमस्कार. मी एका अनुदानित शाळेत नववीला गणित भाग 1 शिकवते. सहावी-सातवीत उत्तर देण्यासाठी धडपडणारी हीच मुले नववीत आल्यावर मान खाली घालून बसतात, गृहपाठ गाईडमधून जसाच्या तसा उतरवून आणतात आणि प्रश्न विचारला की एकही हात वर येत नाही. बरोबर उत्तराला पेन देण्याची पद्धत सुरू केली तेव्हा थोडे दिवस उत्साह होता; पुढे मात्र पेन नसेल तर उत्तरही नाही, अशी स्थिती झाली. पुढच्या वर्षी बोर्डाची परीक्षा आहे, याची आठवण करून दिल्यास आधीच घाबरलेली मुले आणखी घाबरतात. शिक्षा करायची नाही आणि आमिषही दाखवायचे नाही, तर या वयाच्या मुलांना अभ्यासाकडे वळवावे कसे?

उत्तर 1 : निवृत्त मुख्याध्यापक, सांगली

मॅडम, चौदा-पंधराव्या वर्षी चारचौघांत चुकण्याची लाज सर्वांत मोठी असते. ज्याचे अपूर्णांक आणि ऋण संख्या कच्च्या राहिल्या आहेत, त्याला बहुपदीच्या तासाला गप्प बसणे हाच सुरक्षित मार्ग वाटतो. त्याला आळशी म्हणणे अन्यायाचे आहे. म्हणून प्रथम चुकीलाच फळ्यावर मानाची जागा द्यावी. बहुतेक वर्गांत कोणीतरी (x + 3)² = x² + 9 असे लिहितोच. लिहिणाऱ्याचे नाव न घेता ते फळ्यावर मांडा आणि x च्या जागी 1 ठेवायला सांगा. डावीकडे 16 येतात, उजवीकडे 10. 2 ठेवल्यास 25 आणि 13, 3 ठेवल्यास 36 आणि 18. फरक 6, 12, 18 असा वाढत जातो, हे मागच्या बाकावरच्या मुलालाही दिसते, कारण त्यासाठी बेरीज-गुणाकाराखेरीज काहीच लागत नाही. हरवलेले पद 6x आहे, हे वर्गानेच शोधून काढल्यावर x + 3 बाजूचा चौरस काढून त्यातले 3x क्षेत्रफळाचे दोन आयत दाखवावेत. सूत्र आधी सांगून टाकले, तर शोधण्यासारखे काही उरत नाही.

उत्तर 2 : अध्यापक महाविद्यालयातील प्राध्यापिका, पुणे

पेनाचा आपला अनुभव संशोधनाशी जुळणारा आहे. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी 1971 मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात, कोडी सोडवण्याबद्दल पैसे मिळालेल्यांचा मोकळ्या वेळेतला कोड्यांकडचा ओढा पुढे कमी झालेला आढळला. 1973 मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांना चित्रकलेची आवड असलेल्या लहान मुलांतही तसेच दिसले : आधी बक्षीस कबूल केलेली मुले नंतर आपणहून कमी वेळ चित्रे काढत होती. अनपेक्षितपणे मिळालेल्या बक्षिसाने तसे झाले नाही, त्यामुळे कौतुकच करू नये असा याचा अर्थ नव्हे.

आणखी एक सूचना. विज्ञान-शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी वर्गांतले संवाद ध्वनिमुद्रित करून पाहिले, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात असे आढळले. ही वेळ 3 सेकंदांच्या पुढे नेल्यावर उत्तरे लांबली आणि एरवी न बोलणारी मुलेही बोलू लागली. प्रश्न विचारून थांबावे, शेजाऱ्याशी बोलू द्यावे, मगच उत्तर मागावे.

उत्तर 3 : गणित शिक्षक, बीड जिल्हा

आमच्याकडील बरीच मुले दिवाळीच्या सुमारास आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात आणि हंगाम संपल्यावर परततात, तोवर दुसरे सत्र बहुतांश उरकलेले असते. अशा मुलांपुढे पुस्तकातले राजू-सीमाचे उदाहरण ठेवून उपयोग होत नाही. दोन चलांतील रेषीय समीकरणे शिकवताना मी उचल (तोडणीआधी आगाऊ घेतलेली रक्कम) आणि टनाचा दर घेतो : इतकी उचल घेतली, टनामागे इतका दर, तर ती फिटायला किती टन तोडावे लागतील? एकदा कधीच तोंड न उघडणारा मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “सर, तुम्ही खाडा धरलाच नाही, अन् वाढ्याचे पैसेही सोडले.” खाडा म्हणजे काम बुडालेला दिवस आणि वाढे म्हणजे चारा म्हणून विकले जाणारे उसाचे शेंडे. त्याच्या सांगण्यावरून समीकरण बदलले. त्या तासाला वर्गात सर्वांत जास्त माहिती त्याच्याकडे होती आणि ते सर्वांना कळले.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. बीडच्या सरांना एक विचारायचे आहे : उचल म्हणजे घरावरचे कर्ज. वर्गात तो विषय काढल्याने एखाद्याला उघडे पडल्यासारखे वाटत नाही का?

गणित शिक्षक, बीड जिल्हा

वाटू शकते, म्हणून कोणालाही घरचे आकडे विचारायचे नाहीत. सर्व आकडे शिक्षकाने कल्पून द्यायचे आणि ते चूक की बरोबर एवढेच मुलांना ठरवू द्यायचे. आपल्या भागात उसाच्या बिलावरून हेच करता येईल, कारण वजन, दर आणि तोडणी-वाहतुकीची कपात शेतकऱ्यांच्या मुलांना ठाऊक असते. मात्र आमच्याकडची तोडणी कामगारांची मुले आपल्या वर्गात असतील, तर त्यांच्यासमोर कपातीचे उदाहरण घेताना ती रक्कम कोणाच्या मजुरीची आहे, याचे भान राखावे, ही विनंती.