मदत हवी आहे: एल्कसाठी (मोठ्या जातीचं हरीण) ६.५ क्रीडमूर रायफल घ्यावी की .३०८?

मंडळी, आम्ही कोलोराडोत राहतो. हंटर एज्युकेशनचा कोर्स झालाय, या मोसमात पहिल्यांदाच एल्कच्या शिकारीला जायचंय. रायफल एकच, वापरणार मी आणि बायको. मी सहा फूट, ती जेमतेम पाच! म्हणून दस्त्याची लांबी आणि गालाचा टेकू कमीजास्त करता येईल अशी बोल्ट-अ‍ॅक्शन (प्रत्येक बारानंतर हाताने बोल्ट मागेपुढे करायची) रायफल हवी. सॅव्हेज ११० रायफलचा अ‍ॅक्युफिट दस्ता आवडलाय.

खरा घोळ काडतुसाचा (६.५ क्रीडमूर आणि .३०८ ही काडतुसांचीच नावं). ६.५ क्रीडमूरचा धक्का तिला झेपतो, पण १४० ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं माप) गोळी एल्कला हलकी पडेल का? नियमाला ८५ ग्रेन पुरतात, मान्य. पण जखमी जनावर रानात हरवायला नकोय. .३०८ मध्ये १६५-१८० ग्रेन मिळतात, मात्र खांदा शेकतो. दोनशे यार्डांपलीकडे आम्ही मारणारच नाही. दोन्ही चालवलेलं कुणी आहे का?