साचा, नमुना की कलबूत? फायबरच्या कयाकसाठी नेमके शब्द हवेत

विचारणा
घरच्या घरी फायबरग्लासची कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद होडी, कशी बांधायची, याची कृती मराठीत लिहायला घेतली आहे. पहिल्याच पानावर अडले. या कामात दोन वेगळ्या वस्तू आधी तयार कराव्या लागतात. एक म्हणजे कयाकच्या मापाची, बाहेरून हुबेहूब तशी दिसणारी प्रतिकृती. लाकडी पट्ट्या किंवा थर्माकोल, त्यावर पुट्टी, मग वॉटर पेपरने घासून घासून चकचकीत केलेली. दुसरी म्हणजे त्या प्रतिकृतीवर फायबरचे थर चढवून उतरवलेलं पोकळ कवच. पुढची प्रत्येक कयाक या कवचाच्या आत घडते. इंग्रजीत पहिलीला प्लग म्हणतात, दुसरीला मोल्ड. मराठीत मात्र दोन्हींना सरसकट 'साचा' लिहिलेलं दिसतं. 'साच्याला मेण लावा' एवढंच लिहिलं तर ते आतून लावायचं की बाहेरून, हे वाचणाऱ्याला कसं कळावं?

उत्तर
'साचा' फक्त पोकळ वस्तूसाठी राखून ठेवा. मोदकाचा साचा घ्या, आकार आतल्या बाजूला असतो आणि उकड आत दाबली जाते. 'साच्यातून काढल्यासारखा' हा वाक्प्रचारही तेच सांगतो: वस्तू आत असते आणि बाहेर येते. जुन्या छपाईत 'सांचा' असा अनुस्वार दिसेल; १९६२च्या नियमांनंतर न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, त्यामुळे आता 'साचा'च लिहा.

पेणच्या गणपती कारखान्यांत हा फरक रोज पाळला जातो. कारागीर आधी मातीची मूळ मूर्ती घडवतो, तिच्यावरून साचा निघतो आणि साच्यातून पुढच्या मूर्ती. मूळ मूर्तीला तिथे कुणी साचा म्हणत नाही. म्हणून प्लगसाठी 'मूळ नमुना' सुचवतो. नुसतं 'नमुना' नको, त्याचा अर्थ वानगी असाही होतो.

उत्तर
'कलबूत' कसा वाटतो? चांभाराचा लाकडी पाय. त्याचा आकार बाहेरच्या अंगाला असतो, वस्तू त्याच्यावर चढते. तुमचा प्लग तोच की.

उत्तर
शब्द सुंदर आहे आणि वापरात यायला हवा, पण या जागी बसत नाही. कलबुतावर थेट जोडा तयार होतो आणि कलबूत वर्षानुवर्षं वापरात राहतं. प्लगवर होडी तयार होत नाही, साचा तयार होतो. साचा एकदा नीट सुटला की प्लगचं काम संपतं. लाकडाच्या पातळ पट्ट्या आडव्या फळ्यांच्या सांगाड्यावर वाकवून जी कयाक बांधतात, तिच्या सांगाड्याला मात्र कलबूत खुशाल म्हणा.

कोल्हापूरकडच्या फाउंड्रीत याच कामाच्या वस्तूला 'पॅटर्न' म्हणतात. लाकडी पॅटर्न वाळूत दाबायचा, काढून घ्यायचा, उरलेल्या पोकळीत धातू ओतायचा. तिथल्या माणसाला 'पॅटर्न' हा मराठीच शब्द आहे. 'मूळ नमुना (पॅटर्न)' असं एकदा लिहा आणि पुढे हवा तो शब्द चालवा.

उत्तर
मी फायबरचं काम करतो, म्हणून शेडमध्ये बोलतो ते सांगतो. साच्यात जे बनतं तो 'जॉब'. जॉब साच्यातून 'सुटतो' किंवा 'धरतो', म्हणजे चिकटून बसतो. तुमच्या कृतीत 'विलग होतो' असलं काही लिहू नका. 'सुटणे' हेच क्रियापद ठेवा, कारण सगळी मेहनत त्या सुटण्यासाठीच असते. मूळ नमुन्यावर मेणाचे पाच-सहा हात, प्रत्येक हात वाळल्यावर पुसून चमकवायचा. वरून पीव्हीएचा, म्हणजे चिकटू न देणाऱ्या द्रवाचा, पातळ थर. तो पाण्याने धुऊन निघतो. मग जेलकोट, म्हणजे रेझिनचा पहिला गुळगुळीत थर, साधारण अर्धा मिलिमीटर. त्यानंतर रेझिन (घट्ट होणारा चिकट द्रव) आणि मॅटचे (काचतंतूंच्या चादरीचे) थर, ब्रशने ठोकून, रोलर फिरवून हवा बाहेर काढत. साच्याची जाडी जॉबच्या दुप्पट तरी ठेवा, नाहीतर तो पुढे पिळवटतो.

थर्माकोल म्हणालात म्हणून सांगतो: त्यावर पॉलिएस्टर रेझिन थेट लावू नका. त्यातलं स्टायरीन थर्माकोल विरघळवतं. आधी एपॉक्सीचा किंवा प्लास्टरचा थर हवा.

आता एक शब्द जो आपल्याकडे आहे आणि पुस्तकात कुणी वापरत नाही: 'ढाळ'. गवंडी मोरीला ढाळ देतो, तसाच साच्याच्या भिंतींना तोंडाकडे उघडत जाणारा ढाळ लागतो. इंग्रजीत ज्याला ड्राफ्ट म्हणतात तो हाच. भिंत सरळ उभी असेल तर जॉब घासत, अडत निघतो. आणि ती तोंडाशी आत वळली, म्हणजे पोट रुंद आणि तोंड अरुंद झालं, तर निघतच नाही. म्हणून कयाकचा साचा दोन भागांत करतात, तळाचा वेगळा आणि डेकचा, म्हणजे वरच्या झाकणाचा, वेगळा. दोन्ही भाग जिथे भेटतात तो सांधा कयाकच्या सर्वांत रुंद रेषेवर घ्यायचा, मग दोन्हीकडे ढाळ आपोआप मिळतो. तुमच्या नमुन्याच्या कडा सांध्याकडे येता येता आत झुकत असतील तर 'उलटा ढाळ' लिहा. वाचणाऱ्याला लगेच दिसेल.

विचारणा
ढाळ! हाच शब्द हवा होता. उलटा ढाळही घेते. आता रसायनांचं बघा. मी 'उत्प्रेरक' लिहिलं आहे, हार्डनरसाठीही आणि कोबाल्टसाठीही.

उत्तर
हे आजच्या आज बदला. बाकी चर्चा आवडीची होती, ही जिवाची आहे. पॉलिएस्टर रेझिन घट्ट व्हायला दोन वेगळी द्रव्यं लागतात. कोबाल्ट, म्हणजे ॲक्सिलरेटर, आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळायचं. बऱ्याचदा ते दुकानातूनच मिसळून येतं. एमईकेपी, ज्याला आम्ही हार्डनर म्हणतो, काम सुरू करताना शेवटी घालायचं, साधारण १ ते २ टक्के. ही दोन द्रव्यं एकमेकांत थेट मिसळली तर भडका उडतो, स्फोटही होतो. दोघांना एकच नाव दिलंत आणि कुणी 'उत्प्रेरक एकत्र करा' असं वाचलं तर?

शिवाय एमईकेपी उत्प्रेरक नाहीच. उत्प्रेरक क्रियेत खर्च होत नाही, हे खर्च होतं. म्हणून संस्कृत प्रतिशब्द शोधू नका. बाटलीवर जे छापलंय तेच देवनागरीत लिहा, 'कोबाल्ट' आणि 'एमईकेपी हार्डनर', आणि दोन्ही ठिकाणी ठळक अक्षरात. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. चष्म्याचं वाक्य त्याच ओळीत घ्या, तळटीपेत नको.

विचारणा
बदललं. 'प्रथम कोबाल्ट रेझिनमध्ये ढवळून एकजीव करा. चष्मा आणि हातमोजे घाला. मगच एमईकेपी हार्डनर मोजून घाला.' असं चालेल?

उत्तर
चालेल. 'मोजून'च्या पुढे 'सिरिंजने' घाला. झाकणाने अंदाजे ओतणारे फार आहेत.