बटरफ्लाय ट्रेनर: साडेसहाशेचा मोडला, आता पुढचा केवढ्याचा घेऊ?

घणसोलीकर_नाइटशिफ्ट
मंडळी, मी घणसोलीला राहतो, नोकरी ऐरोलीत. आठ महिन्यांपूर्वी बटरफ्लाय नाइफचा (पात्याभोवती फिरणाऱ्या दोन हँडलांचा चाकू) सरावाचा ट्रेनर घेतला. खरा चाकू नव्हे, बोथट पात्याचा, भोकं पाडलेला. साडेसहाशे रुपये. साधं उघडणं-मिटणं जमलं, चॅप्लिन नावाची करामत बऱ्यापैकी येते, एरियल म्हणजे हवेत उडवून झेलणं दहात चारदा. रविवारी पाचव्या वेळेस चुकला, हॉलच्या टाइलवर आपटला आणि एक हँडल पिनेपाशीच तुटलं. आतून करडं, दाणेदार, ओल्या रांगोळीसारखं दिसतंय.

आता तीन पर्याय आहेत. पुन्हा तसाच घ्यायचा. किंवा बुशवाला (सांध्यात नळी बसवलेला) चिनी, मला साडेतीन हजार सांगितलेत. किंवा मन घट्ट करून स्क्विड इंडस्ट्रीजचा क्राके रेकन, जो तिकडेच दोनशे डॉलरच्या आसपास आहे असं ऐकलंय, वर कुरिअर आणि कस्टम. पगार बावीस हजार. आईला किंमत खरी सांगणार नाही हे ठरलेलंच आहे. प्रश्न एवढाच, महागड्यात खरंच काही असतं की नुसतं नाव?

खारेगावचा_खडूस
साडेतीन हजारांत गिटार येते. बोटं तीही दुखवते.

टूलरूम_रबाळे
अरे, तो दाणेदार तुकडा म्हणजे झिंकचं डायकास्टिंग. दाराच्या स्वस्त मुठी असतात ना, त्याच जातीचा माल. वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नकोस, चटका लागला की वितळून जाईल. पडला तर तुटायचाच होता, तुझा दोष नाही.

मी रबाळे एमआयडीसीत टूलरूमला बावीस वर्षं आहे. हा नाद पुतण्याने लावला. आमच्यात कुठलीही वस्तू हातात आली की आधी विचारतात, पैसा कुठे मुरलाय? यात तो पात्यात नाही. खऱ्या चाकूला ४४०सी की १५४सीएम यावर भाव ठरत असेल, तुझ्या पात्याला धारच नाही. त्या पोलादाचा रुपयासुद्धा तू देऊ नकोस. पैसा मुरतो पिव्हटमध्ये, म्हणजे पातं आणि हँडल जोडणाऱ्या सांध्यात.

हँडलच्या दोन भिंती, मधे पात्याचं मूळ, दोन्ही बाजूंना फॉस्फर ब्राँझचे वॉशर. स्क्रू आवळला की भिंती जवळ येतात, पातं जाम. सैल केला की खटखट. या दोघांच्या मधे एक जागा असते. ती रात्री सापडते आणि सकाळपर्यंत हरवते. बुशवाल्यात पात्याच्या भोकात पोलादी नळी बसवतात. पात्याची जाडी अधिक दोन वॉशर, यापेक्षा ती नळी काही मायक्रॉनच (मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब. मग स्क्रू दाबून आवळ, भिंती नळीवर टेकून थांबतात, पातं मोकळं फिरतं. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड धर, म्हणजे हा खेळ किती बारीक ते कळेल.

पुतण्याच्या ट्रेनरला मी स्वतः बुश करून बघितला. पहिला ०.०३ मिलिमीटर लांब गेला, खुळखुळ्यासारखा वाजायला लागला. दुसऱ्याला ग्राइंडरवर जरा जास्त चाटवला, जाम. तिसरा बसला. शिफ्ट सुटल्यावर दोन तास गेले, आणि ते एका पिव्हटला! ट्रेनरला पिव्हट दोन असतात. साडेसहाशेत हे कोण करून देणार, सांग.

हँडलचं थोडक्यात. सँडविच म्हणजे दोन पट्ट्या आणि मधे स्पेसर. चॅनेल म्हणजे एकाच बारमधून कोरून काढलेला यू. चॅनेल पिळवटत नाही, सँडविच खोलून साफ करायला सोपं. टायटॅनियमचं म्हणशील तर ‘हलकं असतं म्हणून घेतो’ असं म्हणणारे फार भेटतात. घनता ४.५, ॲल्युमिनियमची २.७. हलकं ते पोलादापेक्षा. बाकी हौस.

तेव्हा साडेतीन हजारवाला घे, पण आधी विकणाऱ्याकडून पिव्हटचा जवळून काढलेला फोटो माग. रिव्हेट ठोकलेला दिसला तर सोडून दे, तो कधीच आवळता येणार नाही. टॉर्क्सचा, म्हणजे चांदणीच्या खाचेचा स्क्रू हवा, बहुतेक टी-८ ची चावी लागते. प्लसवाल्या स्क्रूचं डोकं दोन महिन्यांत खाल्लं जातं. पात्याच्या मुळाशी टेकायच्या पिना आहेत का बघ, नाहीतर पातं हँडललाच ठोकत राहतं. स्क्रू सैल होऊ नये म्हणून सोबत निळं लॉकटाइट घे, लाल नको, आणि आट्यांवर सुईच्या टोकाएवढंच लाव. बुशला लागलं तर माझ्या नावाने बोंब मारू नकोस.

दोनशे डॉलरवाला वाईट नाही, फार सुबक काम असतं. पण एरियल दहात चार येत असताना तो टाइलवर पडला की तुला जेवण जाणार नाही.

नौपाडा_वकीलबाई
दोन शब्द माझेही. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचा चाकू शस्त्रात धरतात. घरगुती, शेती, कारखान्याच्या कामाचं सोडून. म्हणून पोरं म्हणतात, माझं तर चारच इंची. पण ठाण्यात सणासुदीच्या, निवडणुकीच्या तोंडावर महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात. त्यात सुरे-तलवारींबरोबर शारीरिक इजा करता येईल अशी कोणतीही वस्तू जवळ बाळगायला बंदी असते. बोथट आहे हे तुम्ही हवालदाराला फलाटावर समजावत बसणार का? ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीत लांबून तो चाकूच दिसतो. घरात खेळा. आणि धारवाला मागवायचा विचार करू नका, ट्रेनरवरच राहा.

घणसोलीकर_नाइटशिफ्ट
ताई, बॅगेत टाकून ऑफिसला न्यायचो. बंद केलं.
काका, साडेतीन हजारवाल्याचा फोटो मागवला, टॉर्क्स आहे. एक शंका. बोथट पात्यात ‘सेफ’ हँडल कुठलं हे ओळखायचं कसं? आठ महिने मी बहुतेक उलटंच धरत होतो.

टूलरूम_रबाळे
मिटताना पात्याची धारेची बाजू ज्या हँडलकडे येते ते चावरं, दुसरं सेफ. लॅच (दोन्ही हँडलं अडकवायची कडी) असेल तर ती बहुधा चावऱ्याला असते. काही ट्रेनरची पाती दोन्हीकडून सारखीच असतात, तिथे आपणच ठरवायचं. पुतण्याने सेफ हँडलवर नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. कुणाची बाटली ते विचारलं नाही.

घणसोलीकर_नाइटशिफ्ट
आला काल. एक हँडल धरून पातं सोडलं तर स्वतःच्या वजनाने डुलत राहतं, जुन्याचं अर्ध्यात अडकायचं. डाव्या पिव्हटला अगदी किंचित प्ले म्हणजे ढिलेपणा आहे, कान लावला तर टिक ऐकू येतो. हॉलमध्ये आजीची गोधडी चौघडी करून अंथरलीय. ठिपका बहिणीच्या लाल नेलपॉलिशचा.

टूलरूम_रबाळे
आधी स्क्रू पूर्ण आवळून बघ. तरी टिक राहिला तर बुश लांब आहे, शनिवारी चारनंतर घेऊन ये. वॉशर हरवू नकोस म्हणजे झालं.