मदत हवी आहे: सॉल्सबरी कॅथीड्रल आणि स्टोनहेंज एकाच दिवसात कसे जमवावे?

नदीकाठ (धागाकर्ता)
नमस्कार. पुढच्या आठवड्यात आम्हाला दक्षिण इंग्लंडमधल्या सॉल्सबरीला जायचे आहे. तिथले कॅथीड्रल (बिशपचे मुख्य चर्च), स्टोनहेंज हे प्राचीन शिलावर्तुळ आणि ओल्ड सॅरम ही जुन्या वस्तीची टेकडी, ही तिन्ही ठिकाणे एकाच दिवसात पाहायची आहेत. गेले तीन दिवस मी संकेतस्थळे चाळतो आहे, परंतु प्रत्येकाने वेगळाच क्रम सांगितल्यामुळे आधी कॅथीड्रल करावे की आधी स्टोनहेंज, हे ठरत नाही. शिवाय कॅथीड्रलच्या मनोऱ्यावर चढण्याचे तिकीट वेगळे आहे आणि ते संपून जाईल अशी धास्ती वाटते. ज्यांनी हा प्रवास प्रत्यक्ष केला आहे, त्यांनी आज रात्रीपर्यंत नेमका क्रम सांगावा ही विनंती. उद्या सकाळी मला तिकिटे काढायचीच आहेत.

पायवाट
आपण कुठून निघणार, रेल्वेने की स्वतःच्या गाडीने, कोणत्या वारी आणि सोबत कोण कोण आहे, यांपैकी काहीच लिहिलेले नाही. लंडनच्या वॉटर्लू स्थानकावरून सॉल्सबरीला दीड तास लागतो, त्यामुळे तिथून येणार असाल तर उत्तर वेगळे आणि जवळपास मुक्काम असेल तर वेगळे. वार तर अवश्य सांगा, कारण रविवारी सकाळी प्रार्थना असल्यामुळे कॅथीड्रल पर्यटकांसाठी दुपारीच उघडते.

जुना_मुशाफिर
माझा अनुभव असा आहे की स्टोनहेंजला दोरीच्या अलीकडून पाहण्यासाठी एवढे पैसे मोजण्यापेक्षा एव्हबरीला जावे. तिथले शिलावर्तुळ स्टोनहेंजपेक्षा कितीतरी मोठे आहे, त्याच्या आत अर्धे गाव वसले आहे, वर्तुळात फिरायला तिकीट लागत नाही आणि आपण प्रत्येक शिळेला हात लावू शकतो. मी दोन्ही ठिकाणी दोनदा गेलो आहे आणि दोन्ही वेळा मनात राहिले ते एव्हबरीच.

नदीकाठ
पायवाट, क्षमा करा, घाईत राहून गेले. आम्ही साउथॅम्प्टनला बहिणीकडे उतरलो आहोत. गाडी नाही, रेल्वेने येणार. रविवारी जायचे ठरवले आहे. आम्ही चौघे आहोत. जुना_मुशाफिर, एव्हबरीविषयी मी विचारलेले नाही. कृपया मला क्रम सांगा.

पायवाट
साउथॅम्प्टनहून सॉल्सबरी अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर आहे, म्हणजे निम्मा प्रश्न सुटला. रविवारच ठेवायचा असेल तर क्रम आपोआप ठरतो: सकाळी स्टोनहेंज, दुपारी कॅथीड्रल. सॉल्सबरी स्थानकाच्या बाहेरूनच स्टोनहेंजसाठी पर्यटकांची बस सुटते, ती साधारण अर्ध्या तासात पोहोचवते आणि त्याच फेरीत ओल्ड सॅरमलाही थांबते. स्टोनहेंजचे तिकीट वेळ ठरवून काढावे लागते. आम्ही गेल्या वर्षी सकाळची अगदी पहिली वेळ घेतली, आमची रेल्वे उशिरा आली, समोरून बस निघून गेली आणि पुढच्या बसची वाट पाहत आम्ही चडफडत उभे राहिलो. म्हणून रेल्वे पोहोचण्याची वेळ आणि तिकिटाची वेळ यांत किमान सव्वा तास ठेवा.

मात्र शक्य असेल तर शनिवारी जा. मंगळवारी आणि शनिवारी गावातल्या चौकात बाजार भरतो. या गावाला १२२७ साली सनद मिळाली आणि बाजाराची परंपरा तेव्हापासूनची आहे. मुख्य म्हणजे शनिवारी कॅथीड्रल सकाळपासून उघडे असते, त्यामुळे एखादी बस चुकली तरी दिवस हातचा जात नाही.

कैरीचे_पन्हे
जेवणाविषयी कोणीच लिहिले नाही म्हणून सांगते. सॉल्सबरीच्या पठारावर झाडोरा नाही, वारा थेट अंगावर येतो आणि उन्हाळ्यातही कानटोपी लागावी इतका तो बोचतो. आम्ही दशम्या आणि लसणाची चटणी नेली होती. मोकळ्यावर डबा उघडल्याबरोबर कागदी रुमाल मेंढ्यांच्या कुरणापर्यंत उडत गेले. त्यामुळे स्टोनहेंजच्या पर्यटक केंद्राच्या आत बसून खावे. तिथून शिळा सुमारे अडीच किलोमीटर दूर आहेत, ये-जा करायला छोटी बस असते, तेव्हा डबा विसरलात तर परत येण्यात बराच वेळ जातो.

दगडमाती
या धाग्यावर कॅथीड्रलला उरलेल्या वेळात उरकण्याचे ठिकाण समजले जात आहे, याचे मला वाईट वाटते. मी बांधकामाच्या व्यवसायात आहे आणि माझ्या मते या परिसरातली सर्वांत मोठी नवलाई तीच आहे. १२२० साली पायाभरणी झाली आणि १२५८ साली मुख्य वास्तूचे समर्पण झाले, म्हणजे अवघ्या ३८ वर्षांत ती एकाच शैलीत उभी राहिली. मनोरा आणि त्यावरचे निमुळते शिखर नंतरचे, चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचे. शिखराची उंची १२३ मीटर, म्हणजे ब्रिटनमध्ये सर्वांत जास्त, आणि वास्तूचा पाया जेमतेम सव्वा मीटर खोल! मूळ आराखड्यात नसलेले सुमारे साडेसहा हजार टन वजन त्या खांबांवर नंतर आले आहे. मध्यभागी उभे राहून वर पाहिले की पर्बेकच्या दगडाचे ते खांब वाकलेले साध्या डोळ्यांना दिसतात. जुना_मुशाफिर यांनी एव्हबरीत हात लावला, तसा त्या खांबांना लावून पाहावा.

जुना_मुशाफिर
दगडमाती, आपला विषय आपल्याला प्रिय असणारच, परंतु इंग्लंडमध्ये कॅथीड्रले पुष्कळ आहेत आणि साडेचार हजार वर्षांपूर्वीची शिलावर्तुळे मोजकी. गाडी नसली तरी स्विंडनहून बसने एव्हबरी जमते.

पायवाट
साउथॅम्प्टनहून स्विंडनमार्गे एव्हबरी करून पुन्हा सॉल्सबरीला येणे एका दिवसात शक्य नाही. धागाकर्त्यांना उद्या तिकिटे काढायची आहेत, त्यांना असे अर्ध्या वाटेवर सोडू नये.

नदीकाठ, मनोऱ्यावर नेमके कोण चढणार आहे? त्यावर दिवसाचे दोन तास अवलंबून आहेत.

नदीकाठ
खरे तर सगळे वडिलांसाठीच चालले आहे. ते सार्वजनिक बांधकाम विभागातून निवृत्त झाले, आयुष्यभर पूल बांधले, आणि सव्वा मीटर पायाची ही गोष्ट त्यांनी मला लहानपणापासून ऐकवलेली आहे. ते आता ७४ वर्षांचे आहेत. गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. सपाटीवर ते उत्तम चालतात. मनोऱ्याचे तिकीट मी मुख्यतः त्यांच्यासाठीच काढणार होतो.

पायवाट
हे पहिल्याच वाक्यात लिहायला हवे होते. मनोऱ्याच्या ३३२ पायऱ्या आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच अरुंद, दगडी, गोल जिन्याच्या आहेत. मार्गदर्शकासोबत गटाने चढावे लागते, त्यामुळे मध्येच दमलो म्हणून एकट्याने परत फिरणे सोपे नसते. माझे स्पष्ट मत आहे की त्यांच्यासाठी तिकीट काढू नये.

कैरीचे_पन्हे
मला हे पटत नाही. माझ्या सासूबाई ६९व्या वर्षी हळूहळू चढल्या. मार्गदर्शक टप्प्याटप्प्यावर थांबून माहिती देतात, तेवढ्यात दम खाता येतो. माणसाने आयुष्यभर मनात धरलेली गोष्ट आपणच परस्पर नाकारू नये.

दगडमाती
सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली होती का, हे आपण लिहिलेले नाही. चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्यावर जास्त भार येतो आणि गोल जिन्यात पायरीची आतली बाजू बोटभर रुंद असते. वर शिखराच्या आत मध्ययुगातला लाकडी सांगाडा अजून आहे, ओझे वर खेचण्याचे मोठे लाकडी चाकही आहे, आणि एका अभियंत्याला ते पाहावेसे वाटणे मी पूर्णपणे समजू शकतो. तरीही त्यांना जे पाहायचे आहे ते बहुतेक खालीच आहे.

एक तर ते वाकलेले खांब आणि त्यांना आवरण्यासाठी नंतरच्या काळात घातलेल्या आडव्या कमानी. दुसरे, १६६८ साली प्रसिद्ध वास्तुविशारद ख्रिस्तोफर रेन यांनी पाहणी केली तेव्हा शिखर पाऊण मीटरच्या आसपास कललेले आढळले होते, त्याची खूण फरशीवर आहे. तिसरी गोष्ट मला सर्वांत आवडते. हे कॅथीड्रल नद्यांच्या संगमाजवळ, खडीच्या थरावर उभे आहे आणि जमिनीखालचे पाणी फरशीच्या अगदी जवळ असते. फरशीत एक लहानसे झाकण आहे; ते उचलून आत काठी सोडतात आणि ओल कुठवर आली ते पाहून पाण्याची पातळी नोंदवतात. आपल्याकडे आडाचे पाणी पोहऱ्याच्या दोरावरून जोखावे, तसेच. मी गेलो तेव्हा काठी बाहेर आली, तिची खालची बाजू काळपट ओली होती आणि कर्मचाऱ्याने ती आमच्यापुढे धरली. आठशे वर्षांची वास्तू त्या ओल्या खडीवर उभी आहे, हे तेव्हा मला पहिल्यांदा नीट उमगले.

गोवळकोंडा
ओल्ड सॅरमविषयी थोडे लिहितो, कारण त्याचा आपल्याशी संबंध आहे. जुने कॅथीड्रल त्याच टेकडीवर होते. पाण्याची टंचाई आणि किल्ल्यातल्या सैनिकांशी खटके यांमुळे धर्मगुरूंनी ते खाली नदीकाठी हलवले. पुढे तिथली वस्ती जवळजवळ उठली, तरी मूठभर मतदारांच्या बळावर १८३२ पर्यंत तिथून संसदेत दोन प्रतिनिधी जात. १६९१ साली ही जागा थॉमस पिट यांनी विकत घेतली. हेच पुढे मद्रासचे गव्हर्नर झाले आणि गोवळकोंड्याच्या परिसरातल्या खाणीतला प्रसिद्ध हिरा त्यांनीच मिळवला. तो हिरा आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाच्या संग्रहात आहे. त्यांचा नातू, पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झालेला थोरला विल्यम पिट, याच ओल्ड सॅरममधून पहिल्यांदा संसदेत गेला.

जुना_मुशाफिर
हा हिरा कोल्लूरच्या खाणीतला मानला जातो. कोहिनूरही तिथलाच, असे बहुतेक जण सांगतात. त्यावर स्वतंत्र धागा काढावा.

पायवाट
अवश्य काढावा, पण इथे नको. नदीकाठ, ओल्ड सॅरमला चढउतार आहे आणि जमीन खडबडीत आहे. वडील सोबत असताना ते बसमधूनच दाखवा. तो वेळ कॅथीड्रलला द्या. तिथल्या सभागृहात १२१५ च्या मॅग्ना कार्टाची, म्हणजे इंग्लंडच्या राजाच्या अधिकारांना मर्यादा घालणाऱ्या सनदेची, प्रत आहे, शिल्लक राहिलेल्या चार प्रतींपैकी एक. १३८६ च्या सुमाराचे घड्याळही आहे. त्याला तबकडी नाही, ते फक्त ठोके देण्यासाठी बनवलेले होते. वडिलांना ते नक्की आवडेल. संध्याकाळची सुरेल प्रार्थना साधारण साडेपाचला असते, तिला तिकीट लागत नाही आणि बसून ऐकता येते.

नदीकाठ
सर्वांचे मनापासून आभार. आत्ताच वडिलांशी बोललो. ३३२ पायऱ्या म्हटल्यावर ते क्षणभर गप्प बसले आणि मग म्हणाले, "वर तू जा, पण लाकडी चाकाचे फोटो नीट काढ, दोर कुठून घेतला आहे ते मला पाहायचे आहे." त्यामुळे मनोऱ्याचे एकच तिकीट काढतो. शनिवार नक्की केला. स्टोनहेंजला सकाळी साडेअकराची वेळ, दोनच्या आत परत, मग संध्याकाळच्या प्रार्थनेपर्यंत कॅथीड्रल. ओल्ड सॅरम वगळले.

आता एकच विचारायचे आहे. पाणी मोजण्याची ती काठी पाहायला मिळावी म्हणून आधी पत्र पाठवावे लागते का?

दगडमाती
मी पत्र पाठवले नव्हते. आत शिरल्यावर गळ्यात ओळखपट्टी घातलेले स्वयंसेवक मार्गदर्शक दिसतील, त्यांच्यापैकी एखाद्याला विचारा. वडील पूल बांधणारे अभियंता आहेत हे आधी सांगा. आणि आपण मनोऱ्यावर असाल तेव्हा वडिलांना मधल्या खांबांपाशी बसायला खुर्ची मागून घ्या, तिथून वर पाहताना मान बराच वेळ वळलेली राहते.