मदत हवी आहे : विहिरीवरच्या लिस्टर इंजिनाच्या भागांची गावाकडची नावे आणि छायाचित्रे

नमस्कार.

मी सध्या इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायरमध्ये राहतो. जवळच डर्सली हे गाव आहे. रॉबर्ट अ‍ॅश्टन लिस्टर यांनी १८६७ साली तेथे सुरू केलेल्या कारखान्याच्या कामाची आठवण म्हणून या उन्हाळ्यात जुन्या स्थिर (एका जागी बसवून चालवायच्या) इंजिनांचा मेळावा भरणार आहे. माझे सहा अश्वशक्तीचे, मिनिटाला ६५० फेरे घेणारे उभे लिस्टर इंजिन मी त्यात मांडणार असून, शेजारी आपल्याकडच्या विहिरींवर या इंजिनांनी केलेल्या कामाची माहिती देणारा फलक लावण्याची माझी फार इच्छा आहे.

आजोबांच्या मळ्यात असेच इंजिन होते. हँडल मारणाऱ्याने दोन्ही हातांनी जोर लावून जड चाकांना गती द्यायची, दुसऱ्याने उचलून धरलेला लिव्हर नेमक्या क्षणी सोडायचा, आणि पहिला ठोका पडला की पट्टा पंपावर चढवायचा, एवढे मला स्पष्ट आठवते. मात्र त्या वेळी मोठी माणसे कोणत्या भागाला काय म्हणत, हे लहानपणी कधी विचारले नाही, आणि आता घरात सांगणारे कोणी उरले नाही.

विशेषतः इंजिनाच्या हेडच्या, म्हणजे डोक्याच्या, बाजूला असलेल्या लहान गोल चकतीचे नाव मला हवे आहे. ती आत फिरवली की ज्वलनाच्या जागेतील एक छोटा कप्पा बंद होतो, हवा अधिक दाबली जाते आणि त्यामुळे थंड इंजिनही डोके न तापवता सुरू होते. इंजिनावर पुरेसा भार आला की ती पुन्हा बाहेर फिरवतात. त्याआधीच्या बऱ्याच तेलाच्या इंजिनांचे डोके दिव्याने तापवल्याशिवाय काम होत नसे, म्हणून माझ्या मते या इंजिनाचे खरे मोठेपण त्या चकतीतच आहे. आपले इंजिनवाले ती रोज फिरवत असत, की एकदा बसवून तशीच ठेवत असत?

राजकोटमध्ये याच नमुन्याची इंजिने पुष्कळ तयार झाली, त्यामुळे आपल्या गावातले इंजिन तेथील होते की डर्सलीचे, हे त्यावरच्या पट्टीवर कोरलेल्या मजकुरावरून पाहून कळवल्यास मला फलकावर चुकीचे काही लिहावे लागणार नाही.

कोणाकडे इंजिनघराचे, पाटाला पाणी सुटत असतानाचे किंवा दुरुस्तीसाठी उघडलेल्या इंजिनाचे छायाचित्र असेल, तर गाव, तालुका आणि अंदाजे साल यांसह येथे द्यावे. ते फलकावर लावायचे झाल्यास मी आधी आपली परवानगी घेईन. ज्यांनी स्वतः इंजिन चालवले आहे, त्यांनी आपल्या बोलीतील शब्द जसेच्या तसे लिहावेत. प्रमाण भाषेत बदलू नयेत, कारण मला तेच शब्द देवनागरीत फलकावर रंगवून घ्यायचे आहेत.